फळीची आतली बाजू

माझे बाबा सुतार होते आणि मीही सुतारच आहे. त्यामुळे आमच्या घरात लाकडाला कधी तोटा नव्हता, बोलण्याला होता. बाबा दिवसभर यंत्राच्या करवतीजवळ उभे असायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांना हातातून चमचा पडलेलाही खपायचा नाही. आणि नेमकी आईची बोटं स्वस्थ बसणारी नव्हती. पिठाचा डबा, टेबलाची कड, कपाटाचं दार, हाताखाली येईल त्याच्यावर ती ठेका धरायची. लहानपणी म्हणे ती भावाचा ढोल भावापेक्षा बरा वाजवायची आणि तो त्यावरून रडायचा. बाबा घरात शिरले की म्हणायचे, "डोकं उठलंय, गप्प बस जरा." मग ती बोटं मुठीत घ्यायची. हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि खरं सांगतो, मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. पुढे मीही दमून आलो की तेच म्हणायला लागलो होतो.

गेल्या वर्षी एक वाजवणारा आमच्या दुकानात खोक्याचा ढोल दुरुस्तीला घेऊन आला. नावाला ढोल, दिसायला साधं लाकडी खोकं, गुडघ्याएवढ्या उंचीचं. त्याच्यावरच बसायचं, पाय दोन्हीकडे सोडायचे आणि वाकून पुढच्या पातळ फळीवर हातांनी वाजवायचं. मागच्या बाजूला आवाज बाहेर यायला एक गोल भोक. त्याला काहीतरी वेगळंच नाव आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही, आम्ही आपलं खोकंच म्हणायचो. पुढची फळी फुटली होती, ती बाबांनी बदलून दिली. तो माणूस चहा प्यायला गेला तेवढ्यात त्यांनी खोक्याची सगळी मापं घेतली आणि कामाच्या टेबलावर पेन्सिलने टिपून ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू दे," बाबा म्हणाले. यापुढे त्यांच्याकडून काही कळण्याची सोय नव्हती.

पुढचा महिनाभर हातातलं काम संपलं की ते त्या खोक्याला लागायचे. मी चिडवायचो, "म्हातारपणी वाजवत फिरायचा बेत आहे की काय?" ते तोंडातली पेन्सिलही काढायचे नाहीत. एकदा घरी फीत घेऊन आले आणि आई खुर्चीवर बसलेली असताना खाली वाकून तिच्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. वर तिलाच सांगितलं, "खुर्ची डुगडुगते, पाय कमी करायचाय." ती खुर्ची आजही डुगडुगते.

खोक्याच्या पाच बाजू जोडून झाल्या होत्या. पुढची पातळ फळी कापून, सुतळीने बांधून शेजारी ठेवली होती. आणि एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता बाबा खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा आई माझ्याबरोबर आली. म्हणाली, झाडून देते. मी नको म्हटलं, पण तिला घरात बसवत नव्हतं. ती झाडत होती, मी पटाश्यांना धार लावत होतो. मध्येच केरसुणीचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर ती जमिनीवर बसली होती आणि खोकं आडवं करून आत डोकावत होती.

बसायच्या फळीच्या आतल्या बाजूला, सुतारकामाच्या जाड पेन्सिलने, मोठ्या वाकड्या अक्षरांत तीन ओळी होत्या. *बेचाळीस वर्षं तुला गप्प बसवलं. चुकलं माझं. आता वाजव.*

बाबांची शाळा तिसरीत सुटली. आकडे त्यांचे सुंदर यायचे, पण आकड्यांपलीकडे त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. बिलं आई लिहायची. सही करायची वेळ आली तरी ते दहा कारणं सांगायचे.

"त्यांचंच आहे ना हे?" आईने विचारलं.

"त्यांचंच."

"मी ओळखलं नसतं. त्यांचं अक्षर मी कधी पाहिलंच नाही."

आमच्या घरात "चुकलं" हा शब्द कुणी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. बाबांनी आईला नाही, मला नाही, मी तर कुणालाच नाही. माझी बायको म्हणते की तुम्हा बापलेकांना तो शब्द घशात अडकतो. तेव्हा त्या तीन ओळी म्हणजे आईच्या दृष्टीने काय होतं ते मला नीट कळत होतं. बेचाळीस वर्षांत तिला मिळालेली तेवढी एकच गोष्ट होती.

खोकं तिने घरी नेलं. उघडी बाजू पलंगाकडे करून कोपऱ्यात ठेवलं. सकाळी उठली की चष्मा लावून आत बघायची आणि मग कामाला लागायची. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. असे पाच महिने गेले.

मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "ते खोकं बंद करून दे मला."

"बंद केलं तर लिहिलेलं दिसायचं नाही."

"माहीत आहे. पण ते वाजव म्हणालेत ना. उघड्या खोक्यावर मी काय वाजवू?" तिने ताट बाजूला सारलं. "मी त्या फळीवर बसणार. ते आत आहे एवढं मला माहीत असलं की पुरे. फक्त त्याला हात लावू नकोस."

"लावत नाही," मी म्हणालो.

रविवारी दुकान बंद होतं, कुणी येणार नव्हतं, म्हणून मी तोच दिवस धरला. काम तसं दोन तासांचं. आतल्या कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या बसवायच्या, त्या वाजवणाऱ्याने देऊन ठेवलेल्या दोन तारा पुढच्या फळीला आतून टेकतील अशा ताणायच्या, मग फळी स्क्रूने बसवायची. एकच गोष्ट माझ्या जिवावर येत होती. पुढच्या फळीचे वरचे दोन कोपरे थोडे सैल ठेवायचे असतात, तिथे हात मारला की फळी खोक्यावर आपटून फटकन वाजते. माझा सगळा जन्म काहीही वाजू नये यासाठी खर्ची पडलाय. माझ्या हातचं दार वाजलं तर मला झोप येत नाही. आणि इथे मुद्दाम वाजतं ठेवायचं होतं.

आमच्या धंद्यातली दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. सुतार काम करताना लाकडावर लिहीत असतो. डावं, उजवं, वर, खाली, मापं, बाण; बाबांचे नुसते आकडे आणि बाण. आणि जोडणी बंद करायच्या आधी ते सगळं घासून काढायचं, ही बाबांची शिस्त. मी एकोणीस वर्षांचा असताना एका कपाटाच्या पाठीवर आतून "डावं" असं राहून गेलं होतं. गिऱ्हाईकाच्या घरी कपाट भिंतीला लागलं होतं, कपडेही भरून झाले होते. बाबांनी सगळे कपडे बाहेर काढायला लावले, कपाट उतरवलं आणि त्या घरच्या माणसांसमोर माझ्याकडून तो शब्द घासून घेतला. माझे कान तेव्हा जे तापले ते तापले. त्यानंतर वीस वर्षांत माझ्या हातून एकही खूण आत राहिलेली नाही. मला आता त्याचा विचारही करावा लागत नाही.

पट्ट्या चिकटवल्यावर कोपऱ्यांतून थोडा सरस बाहेर आला होता. तो वाळल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन तेवढेच कोपरे साफ करायला बसलो. तेवढ्यात फोन आला. एका बाईच्या स्वयंपाकघरातले खण मी महिन्यापूर्वी बसवले होते. त्यातला एक अडकतो म्हणून ती मला नको नको ते बोलायला लागली. खण अडकत नव्हता, तिने त्यात मावणार नाही एवढं मोठं भांडं कोंबलं होतं, आणि हे मी तिला आधीच्या दोन फोनांत सांगितलं होतं. मी फोन खांद्यावर दाबून धरला आणि तिला चांगलं ऐकवलं. ती म्हणाली तुम्ही उर्मट आहात, मी म्हणालो भांडं मोजा. आमचं बराच वेळ चाललं. शेवटी तिने फीत आणली, भांडं मोजलं आणि फोन ठेवून दिला. भांडण मी जिंकलो होतो.

मग मी खाली पाहिलं. माझा हात अजून चालूच होता. कोपरा कधीच संपला होता. बसायची फळी आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, पांढरीफटक झाली होती. पेन्सिलची एक रेघ शिल्लक नव्हती. मांडीवर राखाडी भुसा पडला होता.

मी उठून दुकानाचं दार आतून लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही, बाहेर कुणी नव्हतंच. परत येऊन खोकं उजेडात तिरकं धरून पाहिलं, फळीवर ओला हात फिरवून पाहिला. काही नाही. काम इतकं स्वच्छ झालं होतं की बाबा असते तर त्यांनी नावं ठेवली नसती.

दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. बाबांची पेन्सिल तिथेच होती. मी टाकाऊ तुकड्यावर त्यांच्यासारखं लिहून पाहिलं, आणि तिसऱ्या खेपेला ते हुबेहूब जमलं. जमलं म्हणूनच मला भीती वाटली. चूक मी केली होती आणि "चुकलं माझं" असं बाबांच्या अक्षरात लिहून मोकळा होणार होतो. मी त्या तुकड्याचे दोन तुकडे केले.

पण जाऊन आईला सांगण्याइतका धीटही झालो नाही. मी तारा ताणल्या, पुढची फळी बसवली, अठरा स्क्रू एका रेषेत मारले. कडा गोल केल्या, खाली रबराचे पाय लावले, दोनदा पॉलिश दिलं. वरचे कोपरे चार वेळा सैल करून, घट्ट करून बघितले, शेवटी हवा तसा फटका लागला. इतकं चांगलं काम मी गिऱ्हाईकासाठी कधी केलं नव्हतं. खोकं आता बंद होतं. आत काय आहे आणि काय नाही, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

आई त्यावर बसली तेव्हा आधी लाजली. "असं पाय फाकवून बसायचं?" म्हणाली. मग वाकून तिने मध्यावर तळवा मारला. खालून घुमल्यासारखा जाड आवाज आला. वरच्या कोपऱ्यावर बोटं मारली, तिथे फटकन वाजलं. ती हसली, आणि पाच मिनिटांत तिचे हात असे चालायला लागले की माझी बायको आतून पदार्थ ढवळायचा डाव हातात घेऊन बाहेर आली. दोघीजणी हसत होत्या. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो.

त्यानंतर ती रोज दुपारी वाजवायची. बसायच्या आधी मात्र दर वेळी फळीवर दोनदा हात ठेवायची, एखाद्याची पाठ थोपटावी तसा. मी ते बघायचो नाही.

चौथ्या दिवशी मी बायकोला सांगितलं.

"आईंना सांगू नकोस," ती म्हणाली.

"खोटं आहे ते."

"असेल. पण त्या खूश आहेत. तुला हलकं वाटावं म्हणून त्यांना कशाला जड करतोस?"

मी हातोडी आणि तेलाची बुधली घेतली आणि घरातली कामं काढली. सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आईच्या खोलीचं दार खाली घासत होतं, ते उतरवून रंधा मारला. पडद्यांचे दांडे बदलले. मोरीतलं फडताळ सरळ केलं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी मी तिच्या कपाटाचा खण काढून त्याला मेण चोळत होतो, तेव्हा ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"काय केलंस?" तिने विचारलं.

"खण अडकत होता."

"खणाचं नाही विचारत. तुझे बाबा असे न सांगता घरातली कामं काढायला लागले की मी समजायचे, काहीतरी झालंय. कधी बाहेर कुणाशी भांडून यायचे, कधी मला काहीतरी लागेल असं बोललेले असायचे. तोंडाने कधी सांगितलं नाही. बिजागऱ्यांना तेल घालायचे." ती पलंगावर बसली. "आठ दिवस तू तेच करतोयस. म्हणून विचारते, काय केलंस?"

खण माझ्या मांडीवर होता. मी त्याच्याकडे बघत सगळं सांगितलं. फोन, ते भांडं, पॉलिश पेपर, पुसलेली फळी. त्यावर मी अठरा स्क्रू मारले, तेही सांगितलं. शेवटी मान वर करायला हवी होती, ती केली.

"चुकलं माझं, आई," मी म्हणालो.

उठून खोलीबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. मी नुकताच रंधा मारलेलं ते दार, त्याचा काही आवाज झाला नाही.

चार दिवस खोकं वाजलं नाही. तिने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि वर जुनी वर्तमानपत्रं रचली. माझ्याशी कामापुरतं बोलायची, ताट वाढून द्यायची. तिला राग आला होता आणि तो रास्त होता. बायकोने मला एका शब्दानेही टोचलं नाही, ते जास्त लागलं. मला वाटायचं, सांगितलं नसतं तर ती आत्ता वाजवत असती. रोज दुपारी दुकानात मी हातातलं काम थांबवून तेवढाच विचार करायचो.

पाचव्या दिवशी मी घरी आलो तेव्हा वर्तमानपत्रं जमिनीवर होती आणि आई खोक्यावर बसली होती. वाजवत नव्हती. हात गुडघ्यांवर होते.

"बस," ती म्हणाली. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"मी एक विचार करत होते. खोकं बंद करायच्या आधी त्यांनी काय केलं असतं?"

तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. मलाही ते फळी पुसली त्या रविवारीच कळलं होतं, पण स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल म्हणून मी बोललो नव्हतो.

"घासून काढलं असतं," मी म्हणालो.

"म्हणजे मला वाचायला नव्हतंच ते."

"नसेल."

"ते गेले नसते तर मला नुसतं खोकं मिळालं असतं. कोरं. आणि वर म्हणाले असते, 'हे घे, लाकूड उरलं होतं.'" ती थोडंसं हसली, पण ते हसू टिकलं नाही. "लिहून काढलं आणि मोकळे झाले. मला सांगायचं राहिलंच की."

बाबांची बाजू घ्यावी असं वाटत होतं, पण काय घेणार? ती खरं तेच बोलत होती.

"चार दिवस मला वाटत होतं की तू पुसलंस म्हणून मला राग आलाय," ती म्हणाली. "तुझा आलाच होता. पण त्यांचा जास्त आलाय. माणूस एवढं लिहितो, आणि दोन पावलं चालत येऊन बोलत नाही."

मग ती बराच वेळ पुढच्या फळीवरून नुसता अंगठा फिरवत राहिली.

"त्या दिवशी तू म्हणालास ना मला, तेव्हा मी बाहेर गेले आणि दारापाशीच उभी राहिले. तुझं बोलणं कानात होतं. तुझा आवाज त्यांच्यावर गेलाय. फोनवर लोक फसतात, पण मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. मी तुला बघत असते ना, म्हणून." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "परत म्हण."

"काय?"

"तेच. त्या दिवशी म्हणालास ते."

"चुकलं माझं, आई."

तिने डोळे मिटले आणि मान हलवली. "आई म्हणू नकोस," ती म्हणाली. "नुसतं म्हण."

माझ्या तोंडून निघालेला आवाज खरोखरच माझा नव्हता.

"चुकलं माझं."

ती डोळे मिटूनच बसली होती. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता, माझ्या जन्माआधीचा. मग तिने दोन्ही तळवे फळीवर टेकले.

"असू द्या हो," ती म्हणाली, आणि वाजवायला लागली.